नावाड्याची साक्ष

न्यायाधीशबाई हातातला रुमाल पिळत होत्या. समितीच्या दालनात अगदी शेवटच्या बाकावर तो बसला होता.

"ताई, तो आलाय," त्या शेजारच्या थोरल्या बहिणीच्या कानाशी पुटपुटल्या.

"कोण गं?"

"गोदामफोड्या. मी तुरुंगात धाडलेला."

ताईंनी मागे वळून बघून घेतलं. "दिसतो तर गायीसारखा गरीब. सरळ बस बघू. आणि तो रुमाल पिळू नकोस, चिंधी होईल त्याची."

बाईंना काही धीर येईना. कितीतरी वर्षं वकिली, मग परीक्षा, मुलाखती, आणि कशीबशी पदरात पडलेली ही तात्पुरती नेमणूक. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते आज ठरणार होतं. त्याआधी बाईंच्या कामाविषयी कुणाला काही सांगायचं असेल, तर त्याला बोलायची मुभा होती.

हा काय सांगणार, ते बाईंना ठाऊक होतं. तेव्हा त्या खुर्चीवर नव्या होत्या. बाजारातलं गोदाम फुटलं आणि पोलिसांनी याला उभा केला. पुरावा बेताचाच. त्यात एक म्हातारा नावाडी आपणहून साक्षीला आला. म्हणाला, "बाई, त्या संध्याकाळी याला मी नदीपलीकडे सोडला. हा गोदामात असेलच कसा?"

बाईंनी आरोपीला विचारलं, "हे खरं आहे?"

तो मान खाली घालून गप्प. वकिलानं कोपरानं ढोसलं, तरी तोंडातून चकार शब्द नाही. बाईंनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला, नावाड्याला खोटा ठरवलं आणि शिक्षा ठोठावून मोकळ्या झाल्या. म्हाताऱ्यानं जाताना त्यांच्याकडे असं काही बघितलं, की पुढे कितीतरी रात्री त्यांना झोप लागली नाही. वर त्या माणसानं अपीलही केलं नाही. बिचाऱ्याला होतं कोण धावाधाव करायला!

"कुणाला बोलायचंय का?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

शेवटचा बाक करकरला. ताईंनी बाईंचा हात घट्ट धरला.

"मला या मॅडमनी शिक्षा दिली होती," तो म्हणाला.

अध्यक्ष पुढे झुकले.

"तुमची काय तक्रार आहे?"

"तक्रार कसली साहेब? गोदाम मीच फोडलं होतं. नावाडी माझी दया येऊन खोटं बोलला. मॅडमनी ते बरोबर ओळखलं. असा न्यायाधीश राहायला पाहिजे, एवढंच सांगायला आलो."

अध्यक्षांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "शिक्षा भोगलेला माणूस असं बोलतो, आणखी काय हवं?" ते शेजारच्या सदस्याला म्हणाले. थोड्याच वेळात बाईंची नेमणूक कायम झाली.

ताई रडायलाच लागल्या. बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपण चुकलो नव्हतो! त्या लगबगीनं जिन्याकडे गेल्या. तो खाली उतरत होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुमचे आभार कसे मानू? त्या नावाड्याचं बोलणं मला आजवर छळत होतं."

तो थांबला. वर खाली कुणी नाही, हे त्यानं बघून घेतलं.

"म्हातारा खरंच बोलत होता, मॅडम. गोदाम मी बघितलेलंसुद्धा नाही."

बाईंनी कठड्याला धरलं. "मग आत खोटं का बोललात?"

"त्याच संध्याकाळी नदीपलीकडे सराफाचा गळा आवळला गेला," तो अगदी अदबीनं म्हणाला. "पोलीस माझ्याकडेही आले होते. मी त्यांना तुमचा निकाल दाखवला."