साखरेवरचं स्वस्तिक

नानासाहेबांनी डब्याचं झाकण उघडलं, चमचाभर साखर तोंडात टाकली आणि उरलेली सपाट करून तिच्यावर बोटानं पुन्हा स्वस्तिक काढलं.

स्वस्तिक मूळचं वच्छलाबाईंचं. नवऱ्याला मधुमेह निघाल्यावर त्यांनी साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागं नेऊन ठेवला आणि साखरेवर रोज स्वस्तिक काढायला लागल्या. देवाचं स्मरण आणि चोरावर पहारा, दोन्ही एका बोटात. पण दुपारी त्या भजनाला गेल्या की नानासाहेब स्टूल ओढत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं स्वस्तिकाची एखादी रेघ भलतीकडंच जाई. तरी चार महिन्यांत बोभाटा झाला नाही, म्हणजे बायकोला पत्ता नाही, अशी त्यांची खात्री होती.

तक्रार होती ती साखरेबद्दल. गिळल्यावर घशात किंचित कडसर लागे. शहागंजातला वाणी हलका माल गळ्यात मारतो, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. पण चोरून खाल्लेल्या साखरेची तक्रार करायची कुणाकडं? चडफडत का होईना, ते रोज खात.

अनसूयाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. एकुलती एक पोर. अक्षता टाकताना तिचं तोंड नीट दिसावं, एवढं एकच मागणं नानासाहेबांचं देवाकडं होतं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही.

नवल म्हणजे साखर उतरत होती. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "जे चाललंय तेच चालू ठेवा. पंधरवड्यानं शेवटचं तपासू आणि लगेच डोळा करून टाकू."

"आपला देहच वेगळा हाय," नानासाहेब बायकोला म्हणाले. वच्छलाबाई गालात हसल्या.

मग साखरपुडा झाला. सगळ्यांच्या हातावर पेढे पडले. वच्छलाबाईंनी मात्र आपला पेढा शेजारच्या मुलीला देऊन टाकला. बासुंदीचं पातेलं खरवडून खाणारी ही बाई. नानासाहेबांनी बहिणीला, द्वारकाबाईला, बाजूला घेऊन विचारलं.

"तुला ठावं नाय व्हय?" द्वारकाबाई म्हणाली. "तुझा डोळा होईस्तोवर गोड खायचं नाय, असं घृष्णेश्वराला बोललीय वहिनी. चार महिने झाले, च्यासुद्धा बिनसाखरेचा पिती."

नानासाहेबांचा पेढा अर्ध्यावरच राहिला. बायको आपल्यासाठी तोंड बांधून बसलीय आणि आपण माकडासारखे स्टुलावर चढतोय. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की उरलेला अर्धा पेढा त्यांनी खिशात घातला आणि नंतर गल्लीतल्या शेळीला दिला. त्या दिवसापासून स्टूल कोपऱ्यात गेलं.

मात्र फिका चहा काही केल्या घशाखाली उतरेना. तेव्हा त्यांना बरणी आठवली.

साखरेऐवजी घालायला डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी एक पांढरी भुकटी दिली होती. लेबल बघूनच नानासाहेब बिथरले होते. "च्यात औषध घालून प्यायला मी काय दवाखान्यात पडलोय? मरंन, पण या बरणीला हात लावणार नाय." एस.टी.त हयात गेलेला माणूस, बोलला की बोलला. वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "नका लावू." बरणी औषधांच्या फळीवर गेली ती गेलीच.

आता बायको भजनाला गेल्यावर त्यांनी ती काढली. काठोकाठ भरलेली होती. चार महिन्यांत तिला कुणी शिवलं नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

चहा अमृतासारखा झाला. बिचाऱ्या भुकटीला उगाच नावं ठेवली, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन चमचे घातले. पुढं दुधात घातली, पोळीवर तूप लावून तिच्यावरही भुरभुरली. औषधच ते, जास्त घेतलं तर जास्त गुण येईल. बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंसमोरच सांगून तिला चकित करायचं होतं. लग्नघरात ती कामात बुडालेली, तिचंही लक्ष नव्हतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"नानासाहेब, साखर तीनशेच्या वर गेलीय. काय खाल्लंत?"

"तीनशे?" त्यांना घाम फुटला. "बाई, खरं सांगतो. आधी चार महिने वरच्या डब्यातली चोरून खात होतो. ही बसलीय, हिच्यासमोर कबूल करतो. पण साखरपुड्यापासून त्या डब्याकडं बघितलं नाय. फकत तुमच्या बरणीतली भुकटी. च्यात, दुधात, पोळीवर."

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, त्या बरणीला तुम्ही जन्मात शिवणार नाय म्हणून तर घरातली साखर मी तिच्यात लपवली, आन् भुकटी वरच्या डब्यात ठेवली. तरीच म्हणलं, साखरपुडा झाल्यापासून स्वस्तिक सरळ कसं राहायलंय."