वाडग्याचं दार

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात लासुर्ण्याच्या माळावर सकाळभर पायपीट करून पुण्याच्या पाहुण्यानं नकाशावरचं गोल चिन्ह अखेर गाठलं. वाट दाखवायला म्हातारा म्हस्कू बरोबर होता. दगडांचं कडं बघून पाहुणा आत शिरला, हरखला. "आबा, हे हजारो वर्षांपूर्वीचं असणार!" म्हस्कू हसला. "न्हाय वो. मेंढरांचं वाडगं हाय. लग्नाच्या साली कारभारणीनं दगड दिलं, मी रचलं." "मग दार कुठे गेलं?" "दार मीच." म्हस्कू मोकळ्या फटीत पाय पसरून बसला. "असा आडवा झालो की कोकरूबी भाईर पडायचं न्हाय." पुढं चराईची रानं उसाखाली गेली, मेंढरं विकली, गेल्या दिवाळीत कारभारीणही वारली. पाहुण्यानं नकाशाची घडी घातली. "बसा की वाईच," म्हस्कू म्हणाला. पाहुणा त्याचे पाय ओलांडून उतरणीला लागला. वाडगं रिकामं झालं, तरी म्हस्कूनं पाय काढले नाहीत.