सहापैकी पाच

"आईशी तुमची सहापैकी पाच प्रथिनं जुळली, धाकट्या भावाची तीनच," डॉक्टरबाई रिपोर्ट पुढे सरकवत म्हणाल्या. पेशींवरच्या या प्रथिनांची ठेवण पाहूनच म्हणे शरीर आपलं कोण, परकं कोण ते ठरवतं. म्हणजे आईला किडनी मी द्यायची होती.

आयुष्यात प्रथमच मी त्याच्यापुढे गेलो होतो. दुधावरची साय त्याला, एसटीत खिडकीची जागा त्याला, सेहेचाळिसाव्या वर्षीही आईच्या तोंडी 'बाळ' हे नाव त्यालाच. बाहेरच्या बाकावर मी त्याला तो रिपोर्ट दोनदा वाचायला लावला.

"दादा, पेढे वाटल्यासारखा चेहरा काय केलायस?" तो म्हणाला. "पोट तुझं फाडणार आहेत."

"फाडू देत. पाच आहेत," मी म्हणालो.

आई डायलिसिसच्या खाटेवर होती. तिला बातमी सांगितली, तसे तिनं डोळे मिटून हात जोडले.

"सुटले बाई एकदाची! आता बाळाला चिरायला नको."

बाळ खाली बघू लागला. मी तिथल्या तिथे संमतीपत्रावर सही केली. साक्षीदाराची सही मात्र हट्टानं त्याचीच घेतली.