दुपारचा खेळ

"एकट्या माणसासाठी खेळ लावत नाही, आजी. माफ करा." अजितने तिकिटाच्या खिडकीची फळी ओढायला घेतली.

धोंडूबाईने फळीवर हात ठेवला. सत्तरीची काटक बाई, निळं लुगडं चापूनचोपून नेसलेली. काशीदजवळच्या वस्तीवरून सकाळीच निघून, एसट्या बदलत ती माणगावला पोचली होती.

"किती मानसं लागतात?"

"दहा तरी हवीत."

"मग फळी लावू नका. मी आनते."

अजितला हसू आलं. बाजाराच्या दिवशीसुद्धा इकडे कुणी फिरकत नव्हतं. हे थिएटर त्याच्या वडिलांनी भाताच्या गिरणीच्या जागेवर बांधलं. तेव्हा म्हसळा, तळा अशा लांबच्या गावांहून माणसं बैलगाड्या जोडून यायची. बाया पोरांना मांडीवर घेऊन खाली जमिनीवर बसायच्या, आणि नायक संकटात सापडला की पडद्याकडे बघून ओरडून त्याला सावध करायच्या. आता ज्याच्या-त्याच्या खिशात पडदा होता. गोदामासाठी जागा बघणाऱ्या व्यापाऱ्याला अजितने कालच कळवलं होतं, उद्या संध्याकाळी चाव्या न्यायला या. म्हणजे उद्या दुपारचा खेळ झालाच, तर तो शेवटचा ठरणार होता, आणि आज कुणी आलं नाही हे त्याला बरंच वाटत होतं. निर्णय बरोबर असल्याची खात्री पटत होती.

"कोण आहे तुमचं या पिक्चरमध्ये?" त्याने विचारलं. सिनेमाचं शूटिंग काशीदच्या किनाऱ्यावर झालं होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यात नाव घेण्यासारखा एकही नट नव्हता. "मुलगा? नातू?"

"हाय एक," धोंडूबाई म्हणाली आणि बाजाराकडे चालू लागली.

अजित पायरीवर उभा राहून बघत राहिला. भाजीवाल्या मनुबाईच्या पाट्यांपुढे ती थांबली. बरंच बोलणं झालं. मनुबाईने आधी मान हलवली, मग हात हलवले, मग पाटीवर ओलं गोणपाट टाकलं आणि शेजारच्या शकूलाही उठवलं. पुढे स्टँडवर एक एसटी बंद पडली होती. तिचा ड्रायव्हर आणि कंडक्टर सावलीत घाम पुसत मेकॅनिकची वाट बघत होते. "हितं तापत बसन्यापेक्षा पंख्याखाली बसा की!" धोंडूबाईचा आवाज पार थिएटरपर्यंत आला. गाडीतले प्रवासी हसले, आणि त्यांतले चार-पाच त्या दोघांबरोबर उठलेही. कॉलेजातून परतणाऱ्या तीन मुली मोबाइलात बघत चालल्या होत्या. धोंडूबाई त्यांच्या वाटेतच उभी राहिली.

"आम्ही फोनवर बघू आजी, येईल तो तिकडे," जागृती नावाची मुलगी म्हणाली.

"फोनात माशीएवढी मानसं दिसतात. आवाज चिलटावानी येतो. आनि हसायला शेजारी कोन असतं तुझ्या?"

जागृतीने मैत्रिणींकडे बघितलं. मग तिघींनी फोन पिशवीत टाकले.

धोंडूबाई परतली तेव्हा तिच्यामागे वरातीसारखी माणसं होती. अजितने निमूटपणे खिडकी उघडली, पंखे लावले, वर जाऊन मशीन सुरू केलं.

सुरुवातीला कुजबुज झाली. शेंगांची टरफलं वाजली. मग पडद्यावर खाडी आली, होडी आली, आणि होडीतला म्हातारा चिखलात पाय रुतून बसला तेव्हा कंडक्टर इतक्या मोठ्याने हसला, की त्याच्या हसण्यालाच सगळे हसले. त्या हसण्याने अजित मशीनच्या खोलीतून खाली आला. असा आवाज या भिंतींनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. म्हाताऱ्याची होडी उलटली तसं मनुबाई ओरडली, "अरे, दोर धर ना मेल्या!" अजितला वडील आठवले. ते नेहमी दाराशी उभे राहून पडद्याकडे नाही, माणसांकडे बघत असायचे.

मध्यंतरात जागृती त्याच्याजवळ आली. "काका, उद्या कितीला आहे? आईला आणायचंय."

"याच वेळेला."

"आणि परवा?"

परवा इथे गोदामाची पोती यायची होती. "परवाही," अजित म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. खिशातला फोन वाजला. व्यापाऱ्याचा होता. त्याने तो उचलला. "चाव्या मिळणार नाहीत," एवढंच बोलून फोन बंद केला आणि पुन्हा आत गेला.

शेवटाकडे म्हाताऱ्याची सून तान्ह्या बाळाला घेऊन रिकाम्या किनाऱ्यावर बसली. तिचा नवरा समुद्रावरून परतला नव्हता. ती गप्पच होती. पडद्यावर न दिसणाऱ्या कुण्या बाईचा आवाज अंगाई म्हणू लागला. ना पेटी, ना तबला. उन्हाने रापलेला, किंचित चिरका, पण काळजात उतरणारा आवाज:

"नीज रे माझ्या लेकरा, पाणी आलं दारी,
बा तुझा गेला दूर, वारा त्याला तारी..."

हुंदका दाबल्याचा आवाज झाला. ड्रायव्हरने टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यात अजितच्या लक्षात आलं, प्रेक्षकांतही कुणीतरी तीच अंगाई गुणगुणत होतं. लोकांचा रसभंग होईल म्हणून तो टॉर्च घेऊन तिकडे वळला. पण कुणीच त्या माणसाला गप्प करत नव्हतं. उलट मनुबाई पडद्यावरची नजर काढून, तोंडाला पदर लावून शेजारी बघत होती.

शेजारी धोंडूबाई बसली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पडद्यावरच्या आवाजाने जिथे श्वास घेतला, तिथेच तिने घेतला. जिथे तो चिरकला, तिथेच ती चिरकली.

अजितने टॉर्च विझवला. पडद्यावरून येऊन सबंध थिएटरात भरून राहिलेला तो आवाज तिचाच होता.