पुन्हा डायल

फॅक्स मशीनने पावती बाहेर टाकली: एक पान, पोचलं. तात्सुनोंनी माफीचा कागद उचलला आणि त्यांच्या लक्षात आलं. कागद उताणा घातला होता. मशीन वाचतं ती खालची बाजू. म्हणजे मोरिकुबोंकडे पोचला होता तो कोरा कागद.

आदल्या दिवशी मोरिकुबोंच्या हॉलमध्ये वर्षश्राद्धाला सत्तर माणसं जेवायला बसली आणि तात्सुनोंच्या दुकानातून डबे गेले दहा. दुकानाचा अर्धा धंदा त्याच हॉलवर चालायचा. म्हणून सकाळपासून माफीनामा लिहिणं चाललं होतं. सुरुवात नम्र होती, शेवटही नम्र होता. मधे मात्र तात्सुनोंनी, अगदी आदराने, कळवलं होतं की तुमच्या फॅक्सच्या काचेवर डाग आहे, त्यामुळे ऑर्डरच्या पानावर उभी काळी रेघ उठते, त्या रेघेने सत्तरमधल्या सातचं डोकं खाल्लं आणि आम्हाला तो एक वाटला.

त्यांनी घाईघाईने कागद पालथा घालून पुन्हा बटण दाबलं. मशीनने कागद वाचून पोटात ठेवला. पलीकडची लाइन व्यस्त होती. पडद्यावर अक्षरं आली: पुन्हा डायल करणार. म्हणजे काय, असं बायकोने, कियोएने, विचारलं. लाइन मोकळी झाली की आपोआप जाणार, आपण काही करायचं नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. मोरिकुबोच होते.

"तात्सुनो-सान, चाळीस वर्षं लोकांचे माफीनामे वाचतोय. एकही सबब नाही असा हा पहिलाच."

तात्सुनो फोनपुढे कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. नजर पडद्यावर गेली होती. दोन्हीकडे फोनला आणि फॅक्सला मिळून एकच लाइन. फोन ठेवायचा अवकाश, सगळ्या सबबी निघाल्या असत्या.

रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी कियोएला तो फॅक्स थांबवायला सांगितलं. तिने 'थांबा' दाबलं. सध्या काहीच पाठवणं चालू नाही, असं मशीनने कळवलं. ते खरंच होतं. प्लग काढावा तर फोनही त्याच मशीनचा. मग तिने यादी उघडली. स्मृती. विलंबित प्रेषण. समूह प्रेषण. शेवटच्यावर बोट टेकणार, एवढ्यात तिला त्याचा अर्थ लागला. हे पत्र गावातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम गेलं असतं.

इकडे तात्सुनो बोलत होते. गुडघेदुखीवर बोलून झालं, बेसबॉलवर झालं, यंदाच्या पर्सिमनच्या फळांवरही झालं. निरोप घ्यायच्या आत फोन आपटणारे अशी मोरिकुबोंची ख्याती. आज मात्र ते प्रत्येक गोष्टीला तपशीलवार उत्तर देत होते. तात्सुनोंचे विषय संपले तेव्हा मोरिकुबोंनीच मुळ्याच्या लोणच्याची कृती विचारली. तात्सुनोंनी मिठासकट सांगितली. वर दाबायला दगड किती वजनाचा ठेवायचा, तेही सांगितलं.

मग लोणचंही संपलं. कियोएने यादीतून डोकं वर काढून मानेनेच नाही म्हटलं.

"तात्सुनो-सान," पलीकडून दबका आवाज आला, "फोन ठेवू नका. तुमचा कागद यायच्या आधी, तुमचे डबे कायमचे बंद केल्याचं पत्र मी मशीनला लावून बसलोय. ते थांबवायचं कसं, इथे कुणालाच सापडत नाहीये."