कपाळावरचा चांद

येसूबाईच्या वासराच्या कपाळावर चंद्र उगवला होता, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी अख्खं पाली गाव तो बघायला तिच्या गोठ्यात लोटलं होतं. गोल, पांढुरका, हाताने काढावा तसा रेखीव. कोल्हापूरकडे निघालेली सर्व्हिस मोटारसुद्धा थांबली. उतारू खाली उतरले आणि ड्रायव्हरने टोपी काढून हात जोडले.

येसूबाईचे पाय जमिनीवर नव्हते. कालपर्यंत पाणवठ्यावर तिला कुणी धड विचारत नव्हतं, आणि आज गोदूबाईसारखी तालेवार बाई तिच्या दारात रांगेत उभी! आठवडाभर येसूबाईचं कुंकूही दिवसेंदिवस मोठं होत चाललं होतं. आज तर ते बंद्या रुपयाएवढं झालं होतं. "पायांवर नको गो, कपाळाला कपाळ लावा," ती एकेकीला बजावत होती. "मी पयल्या दिवसापासून लावतंय!"

तिची सून काशी निरांजनाचं ताट धरून बाजूला उभी होती. तिला हा चंद्र चांगला ठाऊक होता. मंडणगडला तिच्या माहेरी पावसाळा सरताना एखाद्या तरी वासराला तो उगवायचाच, आणि मग घरातल्या पोरांनाही. गजकर्ण, दुसरं काय! वासराला रोज कुरवाळणाऱ्या काशीच्या दंडावरही तसंच कडं उठलं होतं, चोळीच्या बाहीखाली. पण सांगणार कुणाला? अंगावर चट्टा दिसला की लोकांच्या तोंडी एकच नाव यायचं, रगतपिती, म्हणजे महारोग. आणि रगतपितीच्या बाईला घरात ठेवतो कोण? म्हणून ती मूग गिळून गप्प होती.

बायका हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, कपाळ टेकून धन्य होत होत्या. एवढ्यात रांगेतली चिमा पुढे आली. तिने कडेवरचं तान्हं दोन्ही हातांनी उचललं, त्याचं टोपडं मागे सारलं आणि ते इवलंसं कपाळ वासराकडे नेलं.

"नको गो चिमा!" काशी ओरडली. तिने ताट गोदूबाईच्या हाती कोंबलं आणि सगळ्यांदेखत बाही वर सारली. "ह्यो बघा माजा चांद! वासराचाच लागलाय. गजकर्ण हाय तो, पोराला लागेल!"

चिमाने पोर छातीशी ओढलं. ज्यांनी कपाळ टेकलं होतं त्यांचे हात आपसूक कपाळाकडे गेले.

येसूबाई ताडताड पुढे आली. आता थोबाडीत बसणार आणि उद्या मंडणगडची वाट धरावी लागणार, म्हणून काशीने डोळे मिटून घेतले. पण सासूने तिचा दंड धरला, निरांजन जवळ आणलं आणि चट्टा निरखून पाहिला. मग पदराचं टोक ओलं केलं आणि सणाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, स्वतःचं कुंकू पुसलं. त्याखाली तस्संच कडं होतं.

"म्हंजे ही रगतपिती नाय?" तिने विचारलं. "काशे, खरं सांग गो. नाय ना?"

"नाय ओ आत्याबाय! टाकळ्याचा पाला वाटून लावला की जातंय."

येसूबाई मटकन खाली बसली, आणि हसत-रडत तिने वासराच्या गळ्यात मिठी मारली.

"अवो आत्याबाय," काशी तिला मागे ओढत ओरडली, "आदी त्याला सोडा!"