चिटणिसांचा मुक्काम

“टोपली उघडा,” भिंगकाका म्हणाले, आणि कबूतरपालक संघाच्या गच्चीवर जमलेले सभासद खुर्च्यांतून पुढे झुकले.

चिटणिसांनी ती झाकलेली टोपली पायांमागे ओढून घेतली. “इथं नको, काका. सभा संपली की तुमच्याशी जरा एकट्याशी बोलायचंय.”

“एकट्याशी!” काकांनी सभेवरून नजर फिरवली. “ऐकलंत ना सगळ्यांनी?”

विमा कंपनीत इतरांचे दावे तपासण्यात काकांची हयात गेली होती. एकट्याशी बोलू पाहणारा माणूस काय बोलतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ‘भिंग’ हे नावही त्यांना तिथेच पडले, आणि निवृत्तीनंतर कचेरी सुटली तरी नाव सुटले नाही.

संघाचा नियम निःसंदिग्ध होता. निवडून आलेला पदाधिकारी कालव्याच्या अलीकडे राहणारा असावा. कुणाचे पाखरू चुकून दुसरीकडे उतरले, तर ते ज्याचे त्याला पोचवणे हे चिटणिसाचे काम, आणि त्या पायपिटीपोटीच त्याला मानधन. बिऱ्हाड कालव्यापलीकडे हलले की पद गेले आणि मानधनही गेले. चिटणीस पेशाने शिंपी. तयार कपड्यांच्या दुकानांनी त्यांची मशीन थंड पाडल्यापासून त्यांची चूल त्या मानधनावरच पेटत होती. हे साऱ्या गच्चीला माहीत होते. निवडणुकीत त्यांच्याकडून हरलेल्या काकांनाही ते माहीत होते. परंतु दया हा पुरावा नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते.

“दोन महिने मी डोळ्यांत तेल घालून बसलोय,” काका म्हणाले. “यांच्या घरासमोर, इस्त्रीवाल्याच्या बाकावर, कपड्यांच्या गठ्ठ्यांआड लपून, नजर नुसती दारावर. रोज संध्याकाळी घरात अंधार. हे गृहस्थ झाकलेली टोपली घेऊन बाहेर पडतात आणि कालव्यावरच्या पुलाच्या रस्त्याला लागतात. परत येतात तेव्हा टोपली रिकामी. उलटी लटकावलेली! थोडंथोडं करून बिऱ्हाड पलीकडे चाललंय, दुसरं काय?”

“मागं जाऊन पाहिलंत का हो?” अध्यक्षीणबाईंनी विचारले. त्या दंतवैद्य होत्या. दुखरी जागा नेमकी दाबण्याची त्यांना सवय होती.

“गुडघे साथ देत नाहीत, बाई. आणि पुलाचा रस्ता मला काय शिकवता? माझं घर त्याच रस्त्यावर आहे, पुलाच्या अलीकडे. बरं, मानधन तरी कशाचं घेतात हे? दोन महिन्यांत एकाही सभासदानं पाखरू हरवल्याची तक्रार केलेली नाही. मग पायपीट कसली?”

चिटणिसांनी टोपलीवरचे फडके घट्ट आवळले. काकांनी ते अचूक टिपले.

“काका, मी हात जोडतो,” चिटणीस हलक्या आवाजात म्हणाले. “चारचौघांत नको.”

“चारचौघांतच!”

बाईंनी मान हलवली. नाइलाजाने चिटणिसांनी फडके सारले आणि दोन्ही हातांत धरून एक कबूतर बाहेर काढले. गच्चीवर हशा पिकला. “घ्या, बिऱ्हाड निघालं!” मागून कुणीतरी ओरडले. काका हसले नाहीत. ते कबुतराकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर चिटणिसांच्या चेहऱ्यावर खिळली होती, आणि तो चेहरा उतरलेला होता.

“उत्तम,” काका म्हणाले. “साक्षीदार स्वतःच आला. माणूस खोटं बोलेल, पाखरू बोलत नाही. माझी चांदणी कुठंही नेऊन सोडा, ज्या ठिकाणी माझा मुक्काम त्याच ठिकाणी उतरते. माझी बायको गेली त्या वर्षी तळहातावर दाणे चारून वाढवलीय मी तिला. तेव्हा सोडा हे पाखरू. जिथं उतरेल तिथं त्याच्या धन्याचा मुक्काम. आहे कबूल?”

“कबूल,” बाई म्हणाल्या. सभेने हात वर केले.

चिटणिसांनी एकदा काकांकडे पाहिले आणि ओंजळ उघडली.

पाखरू वर झेपावले. त्याने गच्चीभोवती एक घिरटी घेतली, मग काकांच्या डोक्यावर खूप खाली येऊन दुसरी घेतली. काका कालव्याकडे बोट रोखून उभे होते. पाखरू पुलाच्या दिशेने वळले नाही. ते दोन गल्ल्या ओलांडून चिटणिसांच्या छपरावरच्या कबुतरांच्या निळ्या ढाबळीपाशी उतरले आणि पंख मिटून बसले. गच्चीवरून ते स्वच्छ दिसत होते.

टाळ्या वाजल्या. काकांचे बोट हवेतच राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “मग रोज संध्याकाळी टोपली घेऊन जात होतात कुठं?”

“तुमच्याकडे.”

टाळ्या थांबल्या.

“ती तुमची चांदणी आहे, काका,” चिटणीस म्हणाले. “रोज तुमच्या घरी घेऊन येतो. तुमच्या दाराला कुलूप. अंगणात सोडून मागं वळलो, की मी पोचायच्या आत ही माझ्या छपरावर. ढाबळीत शिरत नाही, रस्त्याकडे तोंड करून बसते नुसती. आज म्हटलं, सभेत तरी तुमची गाठ पडेल.”

अंधार पडल्यावर घरी जाऊन आपण ढाबळीत न पाहता दाणे फेकत होतो, हे काकांना आठवले. ते कठड्यापाशी जाऊन त्या छपराकडे पाहू लागले.

“माझं पाखरू,” ते पुटपुटले, “आणि माझंच घर चुकलं?”

“चुकलं कुठं, काका?” चिटणिसांनी टोपली उचलून त्यांच्या हाती दिली. “दोन महिने तुमचा मुक्काम माझ्याच दारासमोर आहे.”